मळ वर यायला लागणारा वेळ

दगडूमामा गेल्याचा फोन मंगळवारी सकाळी सव्वाअकराला आला. भट्टीपाशी आम्ही चौघे होतो : शेठ, दोन ओतारी आणि मालाच्या नोंदी ठेवणारा मी. बादलीत साठ किलो लोखंडाचा रस होता. मी बातमी सांगितली, तरी ओतकाम थांबवता आलं नाही. सगळे साचे भरल्यावरच आम्ही खाली बसलो...

बीडच्या या छोट्या कारखान्यात आम्ही गिरण्यांच्या पुल्या ओततो. मामा तलवाड्याचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. बावीस वर्षं बादली त्यांच्याकडे होती. भट्टीतून आलेल्या रसात वाळू, विटांचा चुरा, जळकी घाण असते. लोखंडापेक्षा हलकी म्हणून ती वर येते, पण वेळ घेऊन. मामा लांब सळईने वरचा थर ओढून काढायचे, थांबायचे, पुन्हा काढायचे. फार थांबलं तर रस गार होतो आणि साचा अर्धाच भरतो. नेमकं किती थांबायचं, असं मी विचारलं तर म्हणायचे, "गुळाचा पाक घड्याळ बघून उतरवत्यात का, अण्णा? त्याच्या तोंडाकडं बघावं लागतंय."

मी मात्र घड्याळाचा माणूस. बादलीमागे दोन मिनिटं वाया जातात, हे मी लिहूनही ठेवलं होतं. एके दिवशी वडवणीच्या गिरणीची पुली आधीच लांबली होती आणि मागे सात साचे रिकामे होते. मामांनी एकदा थर काढला. रस आरशासारखा दिसत होता.

"झाला की स्वच्छ. ओता."

"आजून मळ येतोय. दम काढा जरा."

"गिरणीवाला काढतोय का दम?" मी सगळ्यांसमोर ओरडलो. मामांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि बादली वाकवली.

पुली बसवल्यापासून नवव्या दिवशी दोन तुकडे होऊन परत आली. कुणाला लागलं नाही, एवढंच नशीब. तुटलेल्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढा मळाचा करडा ठिपका होता. चीर तिथूनच निघाली होती. कुणी ओतली, असं शेठांनी विचारलं.

"माझ्याच हातची हाय," मामा म्हणाले.

मी शेजारी वही धरून उभा होतो. बोललो नाही. मामांना बादलीवरून काढून वाळू चाळायला बसवलं, चौदा महिने. नव्या माणसाचा माल वरचेवर परत यायला लागला तेव्हा शेठांनीच त्यांना पुन्हा बोलावलं. त्या चौदा महिन्यांत मामा माझ्याशी पहिल्यासारखेच बोलत. तेच मला जड जायचं...

तेराव्याला तलवाड्याला गेलो आणि मामींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या,

"घाई झाली, इतकंच सांगितलं व्हतं त्यांनी. कुणाची, ते न्हाई. तुमी का बोलला न्हाई तवा?"

"नोकरीचं भ्याव वाटलं, मामी."

"त्यांना नव्हती व्हय नोकरी?"

दुसऱ्या दिवशी शेठांना सांगितलं. "आता सांगतो व्हय बे?" एवढंच म्हणून ते उठून गेले. वहीत त्या पुलीपुढे कारण म्हणून मामांचं नाव होतं. ते मी खोडलं, माझं लिहिलं आणि सही केली.

मामांची सळई भट्टीमागच्या खुंटीला असते. तिच्या टोकाला मळाचा काळा गोळा अजून चिकटलेला आहे. नवा ओतारी तीच वापरतो. काल थर काढून त्याने माझ्याकडे बघितलं. "अण्णा, ओतू?"

"मला नको विचारू," मी म्हणालो. "रसाकडं बघ."