बटणावर बांधलेलं फडकं

वायरलेसवर बोलायला मला पाच मिनिटांत जमलं. थांबायला जमलं नाही.

लातूरच्या भूकंपानंतर माझा मुलगा दिलीप मदतीला गेला होता. तिथं जवानांच्या गाड्या वायरलेसवर एकमेकींशी बोलताना त्यानं पाहिल्या. तेव्हापासून तेच खूळ! नात सुमी अकरावीला नांदेडहून लातूरच्या डॉक्टरकीच्या क्लासला निघाली, तेव्हा त्यानं वायरलेसची दोन डबडी आणलीच. पुढं जीपमध्ये तो, सून सुनंदा आणि सुमी. मागं सामानाच्या टेम्पोत मी. दोन्हीकडं एकेक डबडं. लातूरला खोली घेतली होती. तिथं सुमीजवळ मी राहणार, असं ठरलं होतं. (मीच ठरवलं होतं.) त्याच दिवशी दहा वाजता तिची क्लासची निवड-परीक्षा होती.

“आई, बटन दाबून बोल. सोडलं की माझं ऐकू येतंय.”

“हाव, कळलं. मला नको शिकवू.”

अहमदपूरला अंगठा दुखायला लागला. मी बटणावर फडकं करकचून बांधलं, डबडं मांडीत ठेवलं आणि टेम्पोवाल्या पाशाभाईशी बोलत बसले.

“ही सुमी कशाची डाक्टर होतीय! बापाला दहावीला दोन खेपा लागल्या. आईच्या हातची आमटी म्हंजे नुसतं पाणी, अन् डोस्कं बी तसंच. पोरगी आईवरच गेली!”

“असं नका म्हणू, मौसी.”

“का? खोटं हाय का?”

पुढून दिलीप खिडकीबाहेर हात हलवायला लागला. मीही हलवला. तो आणखी जोरात हलवायला लागला!

“बघा पाशाभाई, लई जीव हाय लेकाचा माझ्यावर.”

चाकूरला जीप थांबली. दिलीप पळत आला आणि त्यानं फडकं ओढून फेकलं.

“अगं, अहमदपूरपासून सगळं ऐकून राहिलो आम्ही! तू बटन सोडशील तर मला बोलता येईल ना! सुमी रडून राहिली तिकडं!”

“मग तुमचं डबडं बंद करायचं की!”

“करत होतो. सुनंदा म्हणली, ऱ्हाऊ द्या, पुरतं ऐकू द्या.”

मी जीपकडं गेले. सुमीचे डोळे सुजले होते.

“तुला न्हाई म्हणले गं बाई.”

“मग कुणाला, आजी?”

मी टेम्पोत परत जाऊन बसले आणि लातूरपर्यंत बटणाला हात लावला नाही.

दुपारी सुमी परीक्षा देऊन बाहेर आली. “पेपर बरा गेला. पण खोलीवर माझ्याजवळ आई राहील.”

मी सुनंदाकडं पाहिलं. तिनं टेम्पोतलं माझं गाठोडं काढून दिलीपच्या हातात दिलं. त्यानं ते जीपमध्ये ठेवलं. मी कंबर कसून उभी होते. पण भांडायला कोणी आलंच नाही.

भांडण झालं असतं, तर मी नक्की जिंकले असते!