शोभाताईंची आठ दिवसांची वेणी

शोभाताई काल गेल्या, अन् मी आजही त्यांच्यापायी जळून राहिली.

रडायचं सोडून जळून राहिली. खोटं कायले बोलू?

ज्यांनी आमचं जरीपटक्यातलं पाळणाघर पाहिलं, त्यांनी शोभाताई पाहिल्याच असतील. आयुष्यभर दुसऱ्यांची लेकरं सांभाळली त्यांनी. अन् नवीन कोणतीही बाई कामावर लागली, की तिले तयार करायचं काम त्यांचंच.

पाळणाघराच्या मॅडमकडे त्यासाठी इंडक्शनचा छापील फॉर्म होता.

शोभाताईंकडे कंगवा होता.

नवीन बाईनं पहिले आठ दिवस साडेआठला यायचं. लेकरं नऊला येतात. खिडकीखाली चटईवर बसायचं, ताईंकडे पाठ करून. ताई तिच्या केसांना खोबरेल लावायच्या अन् घट्ट वेणी घालायच्या.

"केस मोकळे ठेवले न, तर लेकरं उपटून हातात देतीन," म्हणायच्या.

अन् वेणी घालता घालता सगळं सांगायच्या. कोणतं लेकरू पाठीवर थोपटलं की झोपते. कोणतं कुकरच्या शिटीले भेते. कोणाच्या बाबाच्या हाती लेकरू द्यायचं नाही, असं आईनं लिहून दिलं आहे.

आठव्या दिवशी कंगवा बाजूला ठेवायच्या. "झालं. आता तू जुनी."

बस. खतम.

मी लागली तेव्हा एकोणीसची होती. माही आई मी सातवीत असताना गेली. तिच्यानंतर माह्या केसांना कोणी हात लावला नव्हता. आठवा दिवस संपला तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडली. ताईंना वाटलं, कामाचं टेन्शन आलं पोरीले.

त्यानंतर अकरा वर्षांत जितक्या पोरी लागल्या, त्या प्रत्येकीची वेणी मी पाहिली. दुपट्यांच्या घड्या करता करता पाहिली.

एकीले तर मी म्हटलंही, "तुह्या केसात उवा दिसून राहिल्या वं."

नव्हत्या.

ताईंनी ऐकलं. अन् त्या पोरीची वेणी त्या दिवशी अजूनच सावकाश घातली.

अन् एकदा तर मी हद्दच केली. उगाच भांडण काढून काम सोडलं. दोन महिने तिकडं महाल भागात दुसऱ्या पाळणाघरात गेली. मग मॅडमले फोन केला, परत येऊ का म्हणून. डोक्यात एकच होतं. परत लागली म्हणजे मी नवीन. आठ दिवस पक्के!

साडेआठला पोहोचली. केस मुद्दाम मोकळे. खिडकीखाली जाऊन बसली, येड्या भैताडासारखी.

"काय वं वैशे, रबर हरवलं काय?"

"ताई, मी नवीन लागली न आता."

"तू कायची नवीन? ऊठ!"

अन् माह्या मांडीत एक लेकरू टाकलं. मी गेल्यावर आलेलं, दिवसभर किंचाळणारं, कोणाजवळच न टिकणारं.

"याले पाह्य. माह्याच्यानंही सांभाळल्या नाही जाऊन राहिलं. हे तुह्याच हाताचं काम आहे."

दुसरी असती तर हुरळून गेली असती. मी आठ दिवस ताईंशी बोलली नाही.

मग पल्लवी लागली. बॉबकट. मनातल्या मनात मी पेढे वाटले. म्हटलं, घाला आता वेणी!

ताईंनी तिलेही बसवलं. आठ दिवस नुसती डोक्याची मालिश केली. ते पोट्टं डोळे मिटून बसायचं, अन् इकडं माह्या अंगाचा तिळपापड.

काल रविवार, सुट्टीचा. दुपारी घरी मॅडमचा फोन आला. अटॅक. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

संध्याकाळी ताईंच्या घरी गेली, तर आमच्या सगळ्या नव्या-जुन्या पोरी जमलेल्या. पल्लवी ताईंच्या पायाशी बसून रडून राहिली होती. "ताईंचा सगळ्यात जास्त जीव माह्यावर होता." तिच्या बाजूची म्हणे, "माह्यावर." तिच्या बाजूचीही तेच.

मले वाटलं, एकेकीले हात धरून बाहेर काढावं.

आज पाळणाघर बंद ठेवता आलं नाही, लेकरांच्या आयांना ड्युटी आहे. अन् नेमकी आजच एक नवीन पोरगी लागणार होती. कोमल. तिले कोणी कळवलंच नव्हतं. साडेआठला आली. कमरेपर्यंत केस, मोकळे.

मॅडम रडत होत्या. म्हणाल्या, "वैशाली, आता तूच सांग हिला सगळं."

सांगितलं. कोण कसं झोपते, कोण कशाले भेते, कोणाले कोणाच्या हाती द्यायचं. कामाची एकही गोष्ट सोडली नाही. केस बांधून घे म्हटलं. तिनं अंबाडा बांधला.

वेणीचं नाही सांगितलं.

हात पुढे गेलाच नाही माहा. ते ताईंचं होतं. अन् थोडं माहं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा एक नवीन पोरगी आली, जिच्यावर मी जळली नाही. तिले ताई भेटल्याच नाही न! अन् हे मनात आलं तेव्हा मले बरं वाटलं. अशी आहे मी. कोमल, तू हे वाचलं अन् तुले राग आला, तर येऊ दे.

ताई, तुमच्या हाताखालच्या सगळ्या पोरींकडून तुम्हाले नमस्कार. त्याही ताईंवर आपापलं लिहितीनच. मले एवढंच म्हणायचं आहे.

निवांत जा. पण तिकडं कोणा बाईले जवळ घेऊन बसू नका.

मले यायले वेळ आहे. पण येईन तेव्हा तिथं मी नवीनच राहीन.