हिऱ्याची सुई

आमच्या मोठ्या साडभाऊंना आयुष्यात सगळं जमलं, फक्त बसणं तेवढं जमलं नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मोताळ्याला त्यांचं ऐसपैस घर आहे, घरात चांगल्या वेताच्या खुर्च्या आहेत, पण त्यातल्या एकीलाही त्यांनी पाठ टेकलेली मी पाहिली नव्हती. चहा ते उभ्यानं पितात. पेपर ओसरीत येरझारा घालत वाचतात, त्यामुळे अग्रलेखाच्या सुरुवातीला ते फाटकाशी असतात आणि शेवटाला मोरीपाशी. लग्नाच्या पंगतीत वरण येईपर्यंत ते उठून आचाऱ्याला काहीतरी सुनावून येतात. आमच्या लग्नाच्या फोटोत सगळे पाहुणे नीट ओळखू येतात आणि एका कडेला एक पुसट पांढरा पट्टा आलेला आहे. ते आमचे साडभाऊ.

याला त्यांची नोकरीही थोडीफार जबाबदार असावी. उभी हयात त्यांनी एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्यात घालवली. गाडी आली की ढिगात हात घालायचा, चिमूटभर कापूस काढायचा, दोन अंगठ्यांच्या मध्ये धरून हलकेच ओढायचा आणि धागा किती लांब निघतो, कुठे तुटतो ते पाहून निकाल द्यायचा. "धागा लंबा हाय", "नमी हाय", "कवडी लय हाय". नमी म्हणजे ओल, कवडी म्हणजे किडका, डागाळलेला कापूस. निवृत्त झाल्यावर जिनिंग सुटलं, पण अंगठे काही सुटले नाहीत. धामणगाव बढ्याच्या बाजारात ते मेथीची जुडीसुद्धा त्याच पद्धतीनं ओढून पाहतात आणि भाजीवाल्या बाईच्या शिव्या खातात. माझ्या मुलीला पाहायला स्थळ आलं, तेव्हा त्यांनी मुलाभोवती दोन चकरा मारल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, पोरगा साजरा हाय, पन नमी हाय थोडी. सालभर वाळू द्या." आम्ही वर्षभर थांबलो. तोच मुलगा पुढे जावई झाला आणि खरं सांगतो, तोवर तो चांगला वाळला होता.

अशा माणसाला निवृत्तीनंतर रेकॉर्ड वाजवण्याचा नाद लागला, ही आम्हा सगळ्या नातेवाइकांच्या नशिबाची गोष्ट. नादाचं मूळ होतं आक्काच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या कपाटात. आक्का कॉलेजात असताना गॅदरिंगमध्ये एक भावगीत म्हणून पहिली आली होती आणि प्राचार्यांनी हौसेनं त्याच गाण्याची छोटी तबकडी तिला बक्षीस दिली होती. पण तबकडी वाजवायचं यंत्र तिच्या माहेरी नव्हतं आणि सासरीही नव्हतं. बक्षीस लोखंडी कपाटात, लग्नाच्या शालूखाली जाऊन बसलं. गाणं रेडिओवर ऐकून पाठ केलेलं, पण स्वतःची तबकडी तिनं कधी ऐकलीच नव्हती. एकदा माझ्या मुलीनं तेच गाणं फोनवर लावून दिलं, तर आक्का म्हणाली, "फोनवरचं गानं कोनाचंबी असते बाई. ते मले भेटलेलं हाय." त्या वेळी साडभाऊ येरझारा घालत होते. ते मध्येच थबकले आणि म्हणाले, "मी वाजवतो ना!"

म्हणाले, आणि मग चार उन्हाळे उलटले. पहिलं यंत्र त्यांनी थेट बीबी गावाला जाऊन एका जुन्या लाउडस्पीकरवाल्याकडून उचललं. सोबत मिळालेली एक जुनी तबकडी त्यावर लावली, तर ती इतक्या वेगानं फिरायची की गाणाऱ्या बाईची एसटी चुकत असावी असं वाटे. दुसरं नागपूरहून आलं. त्याचा रबरी पट्टा सैल होता, त्यामुळे तीच बाई आता जेवून सुस्तावल्यासारखी गायची. तिसरं मुंबईच्या जुन्या बाजारातून आलं, जपानी, जुनं आणि इतकं जड की ते उतरवताना रिक्षावाल्यानं देवाचं नाव घेतलं. हे मात्र वेगाला अगदी नेमकं होतं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण तबकडीवर जी सुई टेकते ती ज्या एवढ्याशा डबीत बसवलेली असते, तिला कार्ट्रिज म्हणतात आणि त्या कार्ट्रिजमध्येही जाती असतात, हे तोवर मला ठाऊक नव्हतं. एका सकाळी मी एका सहकाऱ्याच्या वडिलांच्या अंत्ययात्रेत चाललो असताना साडभाऊंचा फोन आला. "मास्तर, चुंबक हालनारं घेऊ का गुंडाळी हालनारं?" मी दबक्या आवाजात म्हणालो, "जे कमी हलेल ते घ्या." त्यावर ते म्हणाले, "तुमी लय खोलातलं बोलले."

चुंबकवालं कार्ट्रिज आलं. त्याची सुई हिऱ्याची होती आणि ती तबकडीवर पावणेदोन ग्रॅमच्या भारानंच टेकली पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. एवढं बारीक वजन मोताळ्यात कोण करणार? साडभाऊ सराफाकडे गेले. नुसते गेले असते तर गोष्ट वेगळी. ते अख्खं जपानी यंत्र रिक्षात घालून गेले आणि भर दुकानात "हिऱ्याची सुई हाय, जपून" म्हणाले. दुपारपर्यंत गावात बातमी पसरली की त्यांनी आक्काला हिरा घेतला. बायका नाक बघायला घरी येऊ लागल्या. खरा प्रकार कळला तेव्हा आक्कानं पदर खोचला. "साऱ्या जन्मात माह्या नाकात खडा नाई घातला या मानसानं, अन् त्या लोखंडाच्या दांडीले हिरा!" साडभाऊ फाटकाच्या दिशेनं निघाले होते. तिथूनच म्हणाले, "तो बी तुह्यासाठीच हाय."

मग आला फोनो प्रीअँप. सुईतून येणारा आवाज इतका अशक्त असतो की नेहमीच्या अँपला तो ऐकूच जात नाही; मध्ये एक पेटी ठेवून त्याच्या अंगात जोर आणावा लागतो, तीच ही पेटी. या माहितीवाचून माझं अर्धं आयुष्य सुखात गेलं होतं. पेटी लावली आणि स्पीकरमधून आवाज आला, घुंऽऽ. गाण्याच्या खाली, दोन कडव्यांच्या मध्ये, तबकडी थांबल्यावरही, बारीक घुंऽऽ. आम्हाला तो कान देऊन शोधावा लागे. साडभाऊंना तो फाटकाबाहेरही ऐकू येई. पेटी बदलली, वायरी बदलल्या, दुसरी पेटी आणली. दर वेळी अंगठ्यांनी हवेतला कापूस ओढत निकाल ठरलेला, "कवडी हाय." शेवटी त्यांच्या मनानं घेतलं की दोष घराच्या अर्थिंगचा आहे. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून ओल धरली की मोटारीचा झटका थांबतो, हे आपल्याकडे पोराठोरांना माहीत असतं. साडभाऊंनी खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं आणि काय सांगावं, घुं खरोखर थोडा कमी झाला. त्या दिवसापासून भर वैशाखात, नळ आठवड्यानं एकदा येत असताना, खड्ड्याला रोज बादली सुरू झाली. "तुळशीले तांब्याभर पानी नाई, अन् भोकाले बादली!" आक्का कडाडली. पण तबकडी लावा असं ती म्हणाली की साडभाऊंचं उत्तर एकच. "पह्यल्यांदा वाजनार हाय ते. घुं असतानी नाई वाजवाचं."

मी एका रविवारी बायकोसह मोताळ्याला गेलो होतो. मला आता या माणसाचा मनापासून राग येऊ लागला होता. खड्ड्यापाशी त्यांना गाठून मी म्हणालो, "साडभाऊ, एवढ्याशा घुंचं काय घेऊन बसलात? लावा आणि मोकळे व्हा." ते बादली घेऊन तसेच उभे राहिले. मग आत पाहत, हळू आवाजात म्हणाले, "त्या गॅदरिंगले मी होतो मास्तर. मांगं, लाउडस्पीकरच्या मशीनपाशी उभा. माइक निस्ता घुं करे. सारे लोक टाळ्या वाजवून राह्यले, अन् मले तिचं गानंच नाई आलं ऐकाले. मंग तिले पाहाले गेलो, गा म्हनलं, तं लाजली. मंग घर भरलेलं, सासू-सासरे, कोन गाते? म्हनलं, एकडाव तरी घुंबिगर ऐकू." आणि त्यांनी बादली खड्ड्यात रिकामी केली. माझा राग कुठे गेला कोण जाणे.

चहाच्या वेळी त्यांनी जाहीर केलं की याही पेटीत कवडी आहे, आता काचेच्या नळ्यांची जुनी पेटी घ्यावी लागेल, दिवाळीपर्यंत मिळेल. आक्का उठली, कपाट उघडलं, शालू बाजूला केला आणि तबकडीचं पाकीट आणून त्यांच्या हातात दिलं.

"लावा."

"अवं, पन घुं..."

"घुं असो का फुं असो. तुमचा घुं जाईन तवर माहे कान जातीन. लावा आता."

साडभाऊंनी पाकिटातून तबकडी काढली आणि त्यांचे पाय जागच्या जागी थांबले. कपाट पश्चिमेच्या भिंतीला होतं. मोताळ्याच्या इतक्या उन्हाळ्यांत लोखंड तापलं होतं आणि आत शालूखाली तबकडी भाजलेल्या पापडासारखी वाकली होती. ते तिला दोन्ही हातांत धरून नुसते पाहत राहिले. "मी चांगली सुई पाहत राह्यलो," ते म्हणाले, "अन् हे तिकडं..." मला तिथून उठून जावंसं वाटलं.

आक्कानं तबकडी त्यांच्या हातून घेतली, स्वतःच्या पदरानं पुसली आणि यंत्रावर ठेवली. "वाकडी झाली तं झाली. मी बी काय सरळ राह्यली का आता? टेकवा ती तुमची हिऱ्याची सुई."

सुई टेकली आणि चढ-उतार करत चालू लागली. गाणं सुरू झालं, पण सूर ताणला जायचा, मग एकदम ढिला पडायचा. माझ्या बायकोनं पदर तोंडाला लावला. आक्का मान तिरकी करून ऐकत होती. इतकी वर्षं जपलेल्या बक्षिसाचा हा आवाज ऐकून ती आता रडेल, असं मला वाटलं. ती म्हणाली, "हे बाई चुकून राह्यली," आणि स्वतः गाऊ लागली.

आवाज जाडा झाला होता, मध्येच दम लागत होता, पण तबकडी जिथे हेलकावे खात होती तिथे आक्का सरळ चालली होती. तिनं डोळे मिटले होते. साडभाऊंचा हात यंत्राकडे गेला. मला वाटलं ते सुई उचलणार, आणि मी त्यांना आवरायला पुढेही सरकलो. त्यांनी सुईला हात लावला नाही. त्यांनी पेटी बंद केली. घुं गेला, तबकडीवरची बाईही गेली, आणि खोलीत एकटी आक्का राहिली. तिला ते कळलंही नाही. तबकडी मुकाट्यानं फिरत होती, आणि ती दुसरं कडवं म्हणत होती. मग साडभाऊंनी खुर्ची ओढली, तिच्यात बसले आणि पाठ टेकली.

गाणं संपल्यावर आक्कानं डोळे उघडले, आम्ही सगळे तिच्याकडे बघतोय हे पाहून ती लाजली आणि पेटीचा दिवा विझलेला पाहून चिडली. "बंद काऊन केलं?" मग ती साडभाऊंकडे वळली. "मंग? कसं झालं?" साडभाऊंनी दोन अंगठ्यांच्या मध्ये काहीतरी अगदी जपून ओढलं, लांबवर ओढलं. डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांचे हात रिकामे नव्हते.

"तुटला नाई," ते म्हणाले. "एवढ्या सालानं बी धागा तुटला नाई."

चहा निवून गेला होता. दिवेलागण झाली, आमची परतायची वेळ झाली, तरी ते आपले तिथेच बसून होते. "अजून एक म्हन ना," एवढंच ते आक्काला सांगत होते.