खिशातलं काडतूस

मंडळी, आज सकाळी नवऱ्याचं जाकीट धुवायला काढलं, तर खिशात रिव्हॉल्व्हरचं जिवंत काडतूस सापडलं.

गेल्या आठवड्यात तो माझ्या दादाबरोबर अलास्काच्या जंगलात शिकारीला गेला होता. अस्वल अंगावर आलं तर कमरेला रिव्हॉल्व्हर बरं की पिस्तूल, यावर दोघांनी महिनाभर फोनवर खल केला. मला भीती फक्त अस्वलाची होती.

विमानतळावरच्या तपासणीत ते कसं सुटलं, देव जाणे. इथे सिंगापुरात एका काडतुसासाठीही तुरुंगवास होऊ शकतो.

"कचऱ्यात टाकतो," तो म्हणाला.

"आणि कुणाला सापडलं तर? पोलिसांना फोन कर."

"अगं, माझा वर्क पास जाईल, इथली नोकरीच संपेल!"

शेवटी फोन मीच केला. त्याला चौकशीला नेऊन चार तास झाले. त्याचा मोबाइल बंद आहे.

तुम्ही केला असता फोन?