डॉक्टरसाहेबांचा नम्र कारकून

पंधरा निरोप भरले की आमचा फोन पुढचे घेत नाही. माणसाच्या डोक्याला अशी सोय नाही. किस्से साठतच जातात आणि या वयात त्यातला एकही पुसला जात नाही.

मोबाईल मी कुठंतरी ठेवतो आणि घरभर शोधतो. म्हणून मुलीनं पुण्याहून आन्सरिंग मशीनवाला कॉर्डलेस आणला. "बाबा, फोन चुकेल ही तुमची चिंता संपली!" तेव्हापासून दुसरी सुरू झाली. लाल दिवा लुकलुकतोय, कुणाचं काय झालं असेल?

*

फोन करणाऱ्याला ऐकवायचं वाक्य रेकॉर्ड करायचं होतं. रसायनशास्त्रात पीएच.डी. केलेल्या माणसाला त्यासाठी सहा खर्डे लागले. 'निरोप' की 'संदेश'? 'ठेवा' की 'ठेवावा'? माझी बायको सुमती स्वयंपाकघरातून म्हणाली, "लोक फोन करणार आहेत, तोंडी परीक्षेला बसणार नाहीत."

शेवटी बोललो, "आम्ही सध्या फोन घेऊ शकत नाही. बीप वाजल्यावर कृपया आपला निरोप ठेवावा." बटण सोडायच्या आत सुमती ओरडली, "अहो, दूध उतू गेलं!" तेही रेकॉर्ड झालं. पुन्हा सगळं करायचं त्राण नव्हतं.

पहिला निरोप आला माझे जुने सहकारी गायकवाड सर यांचा. "सर, आधी दूध बघा. माझं काही अर्जंट नाही."

*

शेजारच्या मालनबाईंचा निरोप, "सर, बीपी वाजलं न्हाई, पन सकाळी मोजलं. दीडशे-नव्वद. गोळी वाढवू का?"

मी अनवाणीच धावलो. "मालनबाई, मी तो डॉक्टर नाही हो. मी रसायनांचा!"

"आन् गोळीत काय गूळ असतोय व्हय?"

*

माझा थोरला भाऊ काष्टीला शेती बघतो. 'आरं' सोडून दादानं मला कधी हाक मारली नाही. 'कृपया' आणि 'ठेवावा' ऐकून त्याला वाटलं, मी कुणी माणूस नोकरीला ठेवलाय. अदबीनं बोलला, "सायेब, डॉक्टर आले की सांगा, थोरल्या भावाचा फोन हुता."

दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "तुजा कारकून लई नम्र हाय. तू बी शिक जरा त्याच्याकडनं!"

खरं सांगितल्यावर पोट धरून हसला.

*

पुढच्यात हसण्यासारखं काही नाही. ऐकायचं आणि पुसायचं अशी दोन्ही बटणं शेजारी शेजारी आहेत. चष्मा नव्हता. "आरं बाळ्या, ऐक..." एवढंच ऐकू आलं आणि दादा पुसला गेला.

"लगेच लावा त्यांना," सुमती म्हणाली. पण 'तुझं बोलणं पुसलं' हे थोरल्या भावाला सांगायचं कसं? उद्या करू, उद्या करू म्हणत रविवार आला. त्या रविवारी त्याच्या नातीचा साखरपुडा होता. दादानं आमच्यासाठी पंगत थांबवून धरली होती म्हणे.

मग मी रोज फोन केला. त्याची सूनबाई सांगायची, "ते रानात गेल्यात." मागून दादाचा खोकला ऐकू यायचा.

"बटण चुकलं गं, एवढं सांग त्यांना."

"सांगते."

असे चार महिने गेले. माझ्याकडे यंत्र, त्याच्याकडे सूनबाई.

*

परवा सकाळी फोन वाजला. हल्ली मी आधी यंत्रालाच घेऊ देतो, तेवढाच धीर येतो. दूध उतू गेलं, बीप झाली आणि स्पीकरवर दादा!

"कारकूनसायेब, तुमच्याशी बोलतोय. त्याच्याशी न्हाई."

मी फोनवर हात ठेवून उभा. उचलला तर हेही बोलणं थांबेल, असं वाटलं.

"डॉक्टरला सांगा, नातीचं लगीन हाय, पुढच्या गुरवारी. मंगलाष्टका त्यानंच म्हनायच्या. माज्या लग्नात त्यानंच म्हटल्या हुत्या, तवा चड्डीत हुता. मधलं एक कडवं गाळलं हुतं. तवापासनं ठावं हाय मला त्याचं."

सुमती माझ्याकडे बघत होती. दादा खोकला.

"आन् बाळ्या, तू तितंच हुबा हायस. उचल. पन बटन बघून दाब!"