मुलं कुठल्या पानावर?

श्यामकांत पालक-प्रतिनिधी झाला तो निव्वळ भोळेपणानं. जर्मनीत स्टुटगार्टमधल्या, त्याच्या मुलीच्या, निधीच्या शाळेत निवडणुकीच्या वेळी बाकीचे पालक माना खाली घालून बसले, आणि गाड्यांच्या कंपनीतला हा इंजिनिअर लग्नाला आल्यासारखा हसत समोर बघत राहिला.

त्याच वर्षी केंद्राच्या डिजिटल शिक्षण योजनेसाठी शाळेनं पालिकेमार्फत आराखडा द्यायचा होता. मुदत उन्हाळी सुट्टीपर्यंत. ती हुकली तर पोरांच्या नशिबी खडू-फळाच. श्यामकांतनं हौसेनं काम अंगावर घेतलं आणि चाळीस पानं रंगवली. वायफाय, टॅबलेट, सर्व्हर, दुरुस्तीचं वेळापत्रकसुद्धा. ऑफिसात अशा कामाला शाबासकी मिळते. मुख्याध्यापिका फ्राउ बेर्गर यांनी शेवटचं पान वाचून चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "यात मुलं कुठल्या पानावर आहेत?"

मुलं कुठंच नव्हती. योजनेचा नियमच असा, की आधी शिकवणार काय ते सांगा, मग यंत्रं मागा. घरी ऊर्मिलानंही बायको म्हणून त्याची बाजू घेतली नाही. "निधी तिसरीत काय शिकते, सांग बरं," ती म्हणाली. त्याला निधीचं दप्तर उघडून बघावं लागलं. फार लाज वाटली त्याला.

मग दर बुधवारी अर्धी रजा टाकून तो वर्गात मागे, छोट्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसू लागला. निधीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मैदानावर अकरा भाषांत भांडणारी ही पोरं वर्गात शिरताना घरची भाषा बाहेरच ठेवतात, हे त्याला तिथंच दिसलं. निधी तरी काय वेगळी? मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये.

नवा आराखडा नऊ पानांचा झाला. पहिलंच काम असं: प्रत्येक मुलानं घरच्या माणसाची गोष्ट घरच्या भाषेत टॅबलेटवर रेकॉर्ड करायची, मग जर्मनमध्ये वर्गाला समजावायची. मुदतीच्या चार दिवस आधी तो पालिकेकडे दिला आणि पुढे मंजूरही झाला.

टॅबलेट आले तोवर निधी चौथीत होती. पालकांना वर्गात बोलावलं होतं. तिच्या टॅबलेटमधून अडखळत, पण मराठीतच तिचा आवाज आला: "हे माझे बाबा. ते आमच्या छोट्या खुर्चीवर बसले. त्यांचे गुडघे दुखले. तरी ते दर बुधवारी आले."

शेजारच्या अनोळखी आजोबांना श्यामकांतनं, त्यांनी विचारलं नसतानाही, सांगून टाकलं, की ती माझी मुलगी.