मामाची अठरा कुत्री

प्राणीघरात सगळे त्याला मामा म्हणत, अगदी डॉक्टरीणबाईसुद्धा. कुत्र्यांच्या लशीची चाचणी सुरू झाली तेव्हा अठरा पिल्लं त्याच्या ताब्यात आली. बारांना लस टोचली, सहांना नुसतं सलाईनचं पाणी. कुणाला काय, हे त्याला सांगितलं नव्हतं. लशीचा असर तीन वर्षं टिकतो का ते बघायचं होतं, आणि तोवर बाहेरच्या रोगाचा वाराही पिल्लांना लागू द्यायचा नव्हता.

मामानं तो लागू दिला नाही. रोज तिथं आंघोळ करून, आतलेच कपडे आणि बूट घालून तो त्यांच्याकडे जायचा. रस्त्यात एखादं कुत्रं शेपूट हलवत आलं, की हा पलीकडे पळायचा. "लोकांना वाटतं, तुम्ही कुत्र्यांना भिता," बायको हसायची.

त्यानं सगळ्यांना नावं ठेवली, म्हणजे खरोखरची. उगाच भांडणारा तो वकील, कोपऱ्यात लाजणारी ती नवरी, आणि एक भोपळ्या.

तीन वर्षं भरली. लस ज्या रोगावरची, त्याच रोगाच्या विषाणूचे थेंब बाईंनी प्रत्येकाच्या नाकात सोडले. धरायला मामाच होता.

आठव्या दिवशी नवरीनं खाणं टाकलं. मग डोळे चिकटले, पाय थरथरू लागले.

"बाई, हिला औषध द्या ना काहीतरी."

"मामा, हिला पाणी टोचलं होतं. ही सहा आजारी पडणारच. पडली नाहीत, तर बाकीची लशीनं वाचली हे कळणार कसं?" बाईंचा आवाज खाली आला. "फार हाल होऊ देणार नाही."

"आणि वाचतील ती? ती तरी कुणाच्या घरी जातील?"

"विषाणू अंगात उरलाय का, ते तपासावं लागतं. आतून."

मामाला समजायला जरा वेळ लागला. मग तो भिंतीला टेकून खाली बसला.

बाराव्या दिवशी वकिलाचं नाक वाहू लागलं. त्याला तर लस दिलेली होती. त्याच्यामागून लसवाली आणखी चार आजारी पडली. लस तीन वर्षं टिकली नव्हती.

एकेकाला नेलं. शेवटच्या सुईपर्यंत प्रत्येकाचं डोकं मामाच्या मांडीवर होतं. भोपळ्या ठणठणीत होता. फिरायला चाललोय असं समजून तो मामाच्या पुढे पुढे धावत गेला.

"हे आज कळलं नसतं," बाई नंतर म्हणाल्या, "तर लोक लशीच्या भरवशावर राहिले असते आणि त्यांची कुत्री मेली असती."

"खरंय," मामा म्हणाला. खरंच होतं ते. पण त्या रात्री घरी तो खूप रडला.

वर्षभरात सुधारलेली लस आली आणि नवी पिल्लंही. मामानं हात जोडले आणि कपडेधुलाईत बदली मागून घेतली. आठवडाभरानं तो आपणहून बाईंकडे गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पिल्लांच्या खोलीत.

बायको भडकली. "एवढं रडलात, मग परत कशाला गेलात मरायला?"

"नवा माणूस त्यांना मानेला धरून उचलतो गं," मामा म्हणाला.